पहिलं वर्ष नुसतं पेट्यांत मोजू नकोस

प्रश्न: "काकू, राजापूर तालुक्यात आमची हापूसची १४० कलमं आहेत. गेल्या सप्टेंबरात बाबा गेले. मी पुण्याची नोकरी सोडून गावी आले, जानेवारीत मुलगी झाली, आणि बाबांशिवायचा पहिला हंगाम मेअखेर संपला. बाबांच्या वहीत गेल्या वर्षीच्या ४७० पेट्या आहेत, माझ्या ३१० झाल्या. बाबांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कल्टार (मोहोर लवकर आणायचं औषध) घातल्याची नोंद आहे. माझ्या बाळंतपणात बारा दिवस फवारणी चुकली, त्याचं फार लागून राहिलंय. नोकरीत दर वर्षी आम्ही काय ठरवलं, काय साधलं, असा आढावा लिहायचो. या वर्षाचा तसा लिहायला बसले तर घराच्या बाजूला सुखदुःख दोन्ही आहे आणि बागेच्या बाजूला नुसतं अपयश. हे वर्ष मोजायचं कसं?"

बाय, तुझा प्रश्न वाचला त्या रात्री मी माझी १९९८ ची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. पहिल्या पानांवर ह्यांचं अक्षर आहे, मार्चपासून माझं. हे गेले तेव्हा शिमगा आठ दिवसांवर होता, कलमांवर आंबा अंड्याएवढा झाला होता आणि मुलं सात नि चार वर्षांची होती. त्याच जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती, गावात सगळ्यांच्या तोंडी तेच. वहीत हंगामाच्या शेवटी मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: "एकूण २१० पेट्या. गेल्या साली ३८०." खाली दोन रेघा ओढल्यात आणि पुढचं पान कोरं.

तू आज करते आहेस तेच मी तेव्हा केलं होतं. भावकीत बोलणं सुरू झालं की बाग बाईच्या हातात गेली, आता काही खरं नाही. मला ते खरं वाटलं. दोन वर्षं मी तोच आकडा डोक्यात घेऊन फिरले. मग २००० च्या पावसाळ्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तर तिच्यात ह्यांनी जपून ठेवलेल्या खताच्या पावत्या मिळाल्या. मी त्या सालवार लावल्या. १९९५ पर्यंत दर जूनची पावती होती. १९९६ ची नव्हती, १९९७ ची नव्हती. हे आजारी होते, पैसा दवाखान्यात जात होता, आणि झाडांना दोन पावसाळे काही मिळालंच नव्हतं. १९९८ च्या २१० पेट्या मी घालवल्या नव्हत्या. त्या दोन वर्षं आधीच कमी झाल्या होत्या, माझ्या वहीत फक्त उतरल्या.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण आंब्याचं वर्ष कसं चालतं ते समजल्याशिवाय तुझा आढावा बरोबर येणार नाही. एप्रिलमध्ये तू जो आंबा काढलास तो ज्या काडीवर लागला, ती काडी ऑक्टोबरात पक्की झालेली होती. ती काडी जोमदार व्हायला पावसाळ्याच्या सुरुवातीचं खत लागतं. दहा वर्षांपुढच्या कलमाला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे: पन्नास किलो शेणखत, तीन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश, झाडाच्या विस्ताराखाली चर काढून जूनमध्ये. ते गेल्या जूनमध्ये तुझ्या वडिलांनी घातलं असेल, नसेल, कमी घातलं असेल. त्यांच्या वहीत सापडेल. जुलैचं कल्टारही त्यांचंच. कल्टार झाडाची नुसती वाढ रोखतं आणि मोहोर लवकर आणतं, म्हणून ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान मुळाशी घालायचं आणि परिणाम नोव्हेंबर-डिसेंबरात बघायचा. म्हणजे सप्टेंबरात तू गावी पोचलीस तेव्हा या हंगामाची अर्धी मांडणी होऊन गेलेली होती. ३१० पेट्यांवर नाव तुझं असलं तरी त्यांत तुझ्या वडिलांचा शेवटचा पावसाळा आहे.

आता त्या बारा दिवसांचं बघू.

फवारणी चुकली म्हणून पीक गेलं, असं तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. मी तुझ्या जागी असते तर आधी पट्ट्या, म्हणजे दलालाकडून येणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद, काढल्या असत्या. वाशीच्या दलालाकडून आलेली प्रत्येक पट्टी तारखेने लाव, आणि पुण्याला तू थेट पेट्या पाठवल्या असतील तर त्यांच्याही तारखा त्यात मिसळ. मोहोर फुलल्यापासून आंबा काढणीला यायला साधारण चार महिने धर. मार्चअखेर ते एप्रिलच्या विशीपर्यंत गेलेला माल हा नोव्हेंबर-डिसेंबरातल्या मोहोराचा. मे महिन्यात गेला तो जानेवारीतल्या मोहोराचा. वडिलांच्या वहीतून आधीच्या दोन-तीन वर्षांची हीच विभागणी काढ आणि शेजारी ठेव.

माझा अंदाज असा आहे की तुझा एप्रिलचा आंबा फारसा कमी झालेला नसेल आणि घट दिसेल ती मेमध्ये. जानेवारीत ज्या कलमांवर कणी धरून वाटाण्याएवढी झाली होती, त्यांचं तुडतुड्या किडीने तितकं नुकसान केलं नसणार. ज्यांचा मोहोर तेव्हाच फुलत होता, त्यांचा रस तुडतुड्याने शोषला, पानं आधी चिकट नि मग काळी पडली, ढगाळ हवा असेल तर वर भुरीची बुरशीही आली. हे तुला आजही पडताळता येईल, कारण त्या कलमांची पानं अजून काळी असतील. आणि अंदाज बरोबर निघाला तर त्याचा अर्थ नीट समजून घे. वडिलांनी जुलैत कल्टार घातलं म्हणून बराचसा मोहोर लवकर आला, आणि लवकर आला म्हणून तू दवाखान्यात होतीस तेव्हा बराचसा आंबा धोक्याच्या पलीकडे गेलेला होता. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. पट्ट्यांच्या तारखा तेच सांगतील किंवा सांगणार नाहीत, तू बघ.

आणि चुकलेल्या फवारणीची नोंद अशी कर: "१२ ते २३ जानेवारी" (किंवा तुझ्या ज्या तारखा असतील त्या) "फवारणी नाही. बाळंतपण. पंप चालवायला दुसरं कोणी ठरवलेलं नव्हतं." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. बाळंतपण ही चूक नव्हती. ते कधी आहे हे मात्र मे-जूनपासून ठाऊक होतं, आणि दुसरा माणूस ठरवायचं वडील गेल्याच्या गडबडीत कोणाला सुचलं नाही. ते पुढच्या वर्षी सुधारता येतं. "मी कमी पडले" असं लिहिलंस तर त्यात सुधारायला काहीच हाती लागत नाही. पालवीला पहिली, बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना दुसरी, मग साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी पुढच्या, असं सहा फवारण्यांचं वेळापत्रक आहे. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारायचं नाही, माश्या मरतात आणि फळधारणाच होत नाही. त्या वेळापत्रकातल्या प्रत्येक फवारणीसमोर दोन नावं लिहून ठेव. दुसरं नाव कोणाचं तेही आत्ताच, जूनमध्ये ठरव. डिसेंबरात माणूस मिळत नाही.

पेट्यांच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं. हापूस एका वर्षी भरभरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. कल्टारने हे बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. म्हणून एका सालाशेजारी दुसरं साल ठेवून कमी-जास्त म्हणणं मी कधीच सोडून दिलंय. मी जोडीने बघते. माझ्याकडे एका साली ४३० आणि पुढच्या साली २४०, म्हणजे जोडीचे ६७०. त्याच्या पुढच्या जोडीत ४०५ आणि २८५, म्हणजे ६९०. २४० च्या साली मी रडले असते तर उगाच रडले असते, आणि ४३० च्या साली मी जो सोन्याचा गोफ करायला टाकला तो टाकायला नको होता. तुझे ४७० आणि ३१० मिळून ७८० होतात. वडिलांच्या वहीतल्या मागच्या तीन-चार जोड्या काढ आणि मग बोल.

शिवाय पेटी हे माप तरी कुठे एकसारखं आहे? चार डझनाची मोठ्या फळाची पेटीही पेटीच, आणि सहा डझनाची बारीक फळाची तीही पेटीच. डझनात मोज. कॅनिंगला किलोवर गेलेला माल वेगळा लिही. पट्टीवर वरचा भाव बघायचा नाही. हमाली, तोलाई, दलाली, भाडं वजा जाऊन हातात काय आलं तेवढंच धर. एकदा एका दलालाने माझ्या सलग तीन गाड्यांचा भाव पाडून लावला. पट्ट्या तारखेने लावलेल्या होत्या आणि शेजारच्या बागेच्या पट्ट्याही आणून ठेवल्या होत्या म्हणून ते मला दिसलं. पुढच्या वर्षी मी त्याच्याकडे माल घातला नाही. तो निर्णय त्या वर्षाच्या आढाव्यात मी सगळ्यात वर लिहिला होता. पेट्या त्या वर्षी कमीच होत्या.

दुसरं उदाहरण २०२१ चं. तौक्ते वादळाचे इशारे मेच्या मध्याला येऊ लागले. आमच्याकडे तेव्हा झाडावर शेवटचा चांगला बार होता. १४ आणि १५ तारखेला आम्ही घरची सगळी आणि वाडीतली सहा माणसं घेऊन सोळातले चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरवलं. रात्री बॅटरीच्या उजेडात निवडत बसलो. हातांना चीक लागून साल निघाली होती. १६ ला वारा आला. दुपारपर्यंत खाली आंब्यांचा सडा, आणि कातळावरची नऊ कलमं मुळासकट आडवी. कातळावर मुळांना खोल जायला जागा नसते, सुरुंग लावून फोडलेल्या खड्ड्यात ती वाढलेली असतात, मोठा वारा त्यांना सहन होत नाही. त्या वर्षाचा माझा आकडा बघशील तर वाईट वर्ष. पण त्या दोन दिवसांत उतरवलेल्या सत्तर पेट्या माझ्या हाताच्या आहेत आणि पडलेली नऊ कलमं वाऱ्याची. मी वहीत ती दोन्ही एकाच बेरजेत घातली नाहीत. आभाळाने काय केलं ते एका बाजूला, आपण कोणत्या तारखेला काय केलं ते दुसऱ्या बाजूला. माझी आढावा लिहायची रीत इतकीच आहे, आणि ती मला वादळानेच शिकवली.

तुझ्या बागेत मात्र या आठवड्यात एक काम कर. पाऊस अजून लागलेला नाही, मृग तोंडावर आहे. वही आणि चुन्याचा डबा घेऊन बागेत फीर आणि प्रत्येक कलमाच्या खोडावर नंबर घाल. एक ते एकशेचाळीस. मग कलमापुढे उभं राहून चार गोष्टी लिही: यंदा भरपूर, मध्यम की रिकामं, पालवी फुटली आहे का, बुंध्याशी भुसा दिसतो का, म्हणजे खोड पोखरणारं भिरूड लागलंय का, फांदीवर बांडगूळ आहे का. रोज वीस कलमं केलीस तरी आठवड्यात होईल. बाळाला पाजून, निजवून मधल्या वेळात जा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "झाड बोलता, आयकणारो व्हयो." त्यांना लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या कलमाने कुठल्या साली किती दिलं हे त्यांना तोंडपाठ होतं. तुझ्या वडिलांनाही असणार. त्यांच्या डोक्यातलं त्यांच्याबरोबर गेलं, हे या वर्षाचं खरं नुकसान आहे, आणि दीडशे पेट्यांपेक्षा ते मोठं आहे. ते भरून काढायला तू सुरुवात केलीस की नाही, हे मी तुझ्या आढाव्यात आधी शोधेन. आईला विचार. गावातल्या ज्या गड्याने त्यांच्या हाताखाली काम केलंय त्याला बागेत ने आणि चालता चालता विचार. तो सांगेल ते त्या त्या नंबरापुढे लिही.

आता घराचं. तू पानाच्या मधोमध रेघ ओढून घर एका बाजूला आणि बाग एका बाजूला ठेवलीस, तिथे मला थांबावंसं वाटलं. पुण्याच्या नोकरीत ते चालत असेल. तिथलं घर आणि कचेरी खरंच वेगळ्या ठिकाणी असतात. इथे तुझ्या घराच्या पडवीत आंबा पिकवायची आढी आहे. तिकडे बारशाची तयारी चालली असताना इकडे पेट्यांचा हिशेब होत असणार. माझ्या २००६ च्या वहीतलं एक पान तुला जसंच्या तसं देते:

"१७ नोव्हेंबर. खालच्या अंगाच्या कलमांवर बोंगे. दुसरी फवारणी सकाळी सुरू, अकराला वारा सुटला म्हणून बंद. धाकट्याला ताप, १०२. संध्याकाळी डॉक्टरकडे. परत येताना खाडीवर धुकं. उद्या उरलेली ३५ कलमं."

या पानाच्या कोपऱ्यात आंब्याच्या चिकाचा तपकिरी डाग आहे, तो नंतरच्या एप्रिलमधला. त्या हंगामात वही मी आढीशेजारी ठेवायची. भाताच्या पेंढ्यात हात घालून एकेक आंबा दाबून बघायचा, कोणता उद्याचा, कोणता परवाचा, आणि तसंच लिहायचं. आज हे पान वाचलं की ३५ कलमं उद्यावर का गेली हे मला कोणाला विचारावं लागत नाही. वारा आणि मुलाचा ताप शेजारी शेजारी आहेत. घराची वेगळी वही असती तर पुढे कधीतरी मी "त्या वर्षी आळस झाला" असंच म्हटलं असतं.

तुझ्या वहीत तुझ्या मुलीचा जन्म त्याच पानावर पाहिजे जिथे फवारणी चुकल्याची नोंद आहे. वडिलांच्या कल्टारची तारीख, मग ते गेल्याची तारीख, त्यांच्यानंतर तू बागेत पहिल्यांदा एकटी गेलीस तो दिवस, पहिली पेटी कोणत्या दिवशी गेली, ती कोणाकडे गेली. आईने तुझ्या बाळंतपणात काय सांभाळलं ते. तुझ्या नवऱ्याने पुण्याची गिऱ्हाइकं जोडली असतील तर ती किती आणि त्यांतली किती पुढच्या वर्षीही घेणार म्हणाली. साक्याची, म्हणजे आतला गर पांढरा, न पिकलेला राहिल्याची, तक्रार किती पेट्यांत आली. चौदा आण्यांपेक्षा जास्त तयार होऊ दिलं किंवा जमीन तापलेली राहिली की साका वाढतो. पुढच्या वर्षी मार्चमध्ये झाडाखाली गवताचं आच्छादन घाल, फरक दिसेल.

एक टप्पा तू लिहिलाच नाहीस, आणि मला त्याचीच काळजी वाटते. सातबारा. वडिलांच्या जागी आईचं, तुझं आणि भावंडं असतील तर त्यांचं नाव लागलं का? वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. तुझ्या प्रश्नात त्याचं नावही नाही म्हणून मी समजते की झालेलं नाही. माझं नाव लागायला चार वर्षं गेली. दर खेपेला कचेरीत एक कागद कमी निघायचा. एकदा तर मला सांगितलं की दीर आहेत ना, त्यांचं लावा, बाईचं कशाला. मी गप्प बसून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तुला तो कोणाकडे मागायचा नाही, नोंदवायचा आहे. नाव लागलं नाही तर ई-पीक पाहणीत तुझी नोंद नाही, हवामानावर आधारित फळपीक विम्यात अर्ज तुझ्या नावाने नाही, आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्याची वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची तर पुन्हा सातबाराच विचारतात. ज्या दिवशी फेरफार मंजूर होईल तो दिवस मुलीच्या वाढदिवसासारखा लिहून ठेव. माझ्याकडे १९ जून २००२ लिहिलेला आहे. त्या रात्री मी आणि मुलांनी घावणे आणि गोड रस केला होता, हेही लिहिलेलं आहे.

आणखी एक छोटी गोष्ट, पण मी ती दर वर्षी मोजते. राखणीला येणारी नेपाळी माणसं जूनच्या सुरुवातीला गावी जातात. जाताना ती "दिवाळीनंतर येतो" म्हणाली का? तुझ्याकडची म्हणाली का? ज्या वर्षी माझ्याकडची दोघं काही न बोलता गेली, त्या वर्षी पेट्या भरपूर होत्या, पण मी वहीत लिहिलं की आपण काहीतरी चुकलो. पैसे वेळेवर दिले होते. नंतर कळलं की मांगराचं, म्हणजे बागेतल्या त्यांच्या खोपटाचं, छप्पर गळत होतं आणि त्यांनी दोनदा सांगूनही मी हंगामाच्या घाईत ते बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पत्रे बदलले. ती दोघं आली नाहीत, दुसरी आली, ती आठ वर्षं टिकली.

हे सगळं लिहायला तुला कंपनीसारखा तक्ता लागणार नाही. जूनच्या या पहिल्या आठवड्यात बस, आपलं वर्ष इथेच संपतं आणि इथूनच सुरू होतं. डिसेंबरअखेर बसून काय कळणार, तेव्हा मोहोर कसा टिकेल याचाच घोर असतो. वडिलांच्या वहीतलं शेवटचं पान, जुलैचं, तुझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या हाताने उतरवून काढ. फोटो काढून चिकटवू नकोस, उतरव. त्यांनी किती मिली घातलं, कोणत्या कलमाला, किती पाण्यात, पाऊस होता का, सगळं. उतरवताना काही आकडे विचित्र दिसतील, ते मला विचार.

कारण या जुलैत तोच प्रश्न तुझ्यापुढे येणार आहे. कल्टारचं प्रमाण विस्ताराच्या दर मीटरला तीन मिली, आणि ते दहा वर्षांपुढच्या निरोगी कलमालाच. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार पंचवीस-तीस भोकं, दहा-पंधरा सेंटिमीटर खोल, त्यात द्रावण सारखं वाटून ओतायचं. जमिनीत ओल हवी पण पाऊस कोसळत नसावा. ज्या कलमांना वडिलांनी सलग काही वर्षं घातलंय आणि ज्यांची पालवी आखूड, गुच्छासारखी येते आहे, त्यांना यंदा थांबव. खत दिलं नसेल त्या कलमाला तर अजिबात नको. मी एकदा हाव धरून खताशिवाय कल्टार घातलं होतं. पहिल्या वर्षी आंबा आला आणि पुढची तीन वर्षं ती बारा कलमं सुकत चालली. आजही त्यांच्याकडे बघितलं की मला वाईट वाटतं.

म्हणून १५ जुलैच्या आत प्रत्येक कलमाचा विस्तार मोज. नजरेने नाही, टेपने, एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा उत्तर-दक्षिण, आणि दोन्हींची सरासरी. पंधरा मीटरची कापडी टेप पुरते. एकटीने ती नीट धरली जात नाही, झोळ पडतो. बाळाला झाडाच्या सावलीत झोळीत ठेव आणि दुसरं टोक आईच्या हातात दे.